दिवसाचे ऊन आणि रात्रीचा अपघात

चैत्र सरून वैशाख लागला की जिल्ह्याजिल्ह्यांतून एक सरकारी पत्रक निघते. दुपारी बारा ते चार या वेळेत घराबाहेर पडू नये, तहान नसली तरी पाणी पीत राहावे, सुती व सैल कपडे वापरावेत, डोक्याला रुमाल बांधावा, असा त्यातला मजकूर असतो. त्यात चुकीचे काहीच नाही. अडचण एवढीच की, ज्याची दुपार त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे त्यालाच हा सल्ला पाळता येतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून सळया भरून निघालेल्या मालमोटारीच्या चालकाची दुपार मात्र विकली गेलेली असते. ती वाहतूक ठेकेदाराने घेतलेली असते, माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याने घेतलेली असते आणि मोटारीच्या कर्जाचा हप्ता वसूल करणाऱ्या वित्तसंस्थेनेही घेतलेली असते. त्याला 'बाहेर पडू नका' असे सांगणे म्हणजे भुकेल्याला पथ्य सांगण्यासारखे आहे.

उन्हाळ्यात वाहन सुरक्षितपणे कसे चालवावे, हा प्रश्न सामान्यतः चालकाच्या शहाणपणाचा प्रश्न म्हणून मांडला जातो. चालकाच्या शहाणपणाला महत्त्व आहेच. परंतु जालना जिल्ह्यातील रस्त्यांवर जे घडते आहे त्याकडे नीट पाहिले, तर हा प्रश्न श्रमाचा, मजुरीचा आणि सार्वजनिक पैसा कोठे खर्च होतो याचाही आहे, हे ध्यानात येते.

बांधलेले वाळवंट

जालना जिल्हा हे काही वाळवंट नव्हे. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुंडलिका, दुधना, पूर्णा या नद्या येथून वाहतात आणि दक्षिण सीमेवर गोदावरी आहे. मोसंबीच्या बागांसाठी हा मुलूख प्रसिद्ध आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण व्यापारउदिमाच्या भरभराटीतून जन्मली. पण हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे, आणि पावसाने पाठ फिरवली की येथे काय होते हे २०१२-१३ च्या दुष्काळाने दाखवून दिले. त्या वर्षी टँकरच्या पाण्यावर जगवलेल्या मोसंबीच्या बागाही अखेर सरपणासाठी तोडाव्या लागल्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत जाणे ही येथील नेहमीची गोष्ट झाली आहे.

त्यातही एक बारकावा लक्षात घ्यावयास हवा. हवामान खाते जे तापमान जाहीर करते ते सावलीतले असते. जाळीदार पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, उन्हाची तिरीप लागणार नाही अशा बेताने तापमापक ठेवलेला असतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर जाऊन नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक झाले, अथवा थेट ४५ अंशांवर पोहोचले, म्हणजे उष्णतेची लाट आली असे मानतात. हे सारे सावलीतले माप झाले. रस्त्यावरचा माणूस सावलीत नसतो. डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग अशा दुपारी साठ अंशांपर्यंत तापतो. सिमेंटचा रस्ता रंगाने फिका असल्यामुळे त्याहून थोडा कमी तापतो, परंतु त्याची चकाकी डोळ्यांना अधिक शिणवते. म्हणजे वर्तमानपत्रात छापलेला आकडा हा घरात बसलेल्या वाचकाचा आकडा आहे. चालकाचा आकडा कोणी मोजतच नाही.

या जिल्ह्यातून, जालना व बदनापूर तालुक्यांमधून, नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचे सुमारे ४२ किलोमीटर जातात. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन होऊन ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. सुमारे ५५ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो मोठाच आहे. मराठवाडा व विदर्भाला चांगला रस्ता मिळाला याबद्दल कोणाला आकस असण्याचे कारण नाही. पण या रस्त्याची रचना पाहिली तर उन्हाच्या संदर्भात तो काय आहे ते कळते. दोन्ही बाजूंनी तो कुंपणाने बंद केला आहे. गावे त्याच्या बाजूला असली तरी त्याला लागलेली नाहीत. जुन्या झाडांची सावली त्याच्यावर नाही. लावलेली रोपे सावली देण्याइतकी वाढण्यास पुष्कळ वर्षे जावी लागतील. मार्ग खुला झाला तेव्हा शेकडो किलोमीटरच्या प्रवासात उपाहारगृहे, स्वच्छतागृहे व विश्रांतीच्या जागा यांची वानवा होती. त्या सोयी उभ्या राहण्याच्या आधी टोलनाके उभे राहिले. पैसे घेण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून चोख होती, सावलीची व्यवस्था मागाहून व्हावयाची होती. वाळवंट याहून निराळे काय असते? निसर्गाने जेथे वाळवंट केले नाही तेथे ते नियोजनाने बांधले गेले.

कडवंची शिवाराचे उदाहरण येथे बोलके आहे. जालना तालुक्यातील या गावाने १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, पुढे शेततळी केली आणि द्राक्षबागा उभ्या केल्या. दुष्काळी मुलखात पाणी अडवून सावली आणि हिरवळ निर्माण करता येते, हे त्या गावाने दाखवले. त्याच शिवारातून समृद्धी महामार्ग जातो. कुंपणाच्या एका बाजूस पाण्याचे नियोजन आहे आणि दुसऱ्या बाजूस केवळ वेगाचे.

पूर्वी रस्ता बांधणे याचा अर्थ केवळ फरसबंदी करणे असा नव्हता. दुतर्फा वड, चिंच, कडुनिंब लावणे, कोसाकोसावर विहीर वा बारव बांधणे, धर्मशाळा उभारणे हा रस्त्याचाच भाग समजला जाई. अहिल्याबाई होळकरांचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे ते केवळ मंदिरांमुळे नव्हे. वाटसरूंसाठी त्यांनी बांधलेल्या विहिरी आणि धर्मशाळा हे त्याचे मोठे कारण आहे. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देण्याची रीत आणि चैत्रात घातलेली पाणपोई यांमागे हीच जाणीव होती. तो सरंजामी काळ परत आणावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या गोष्टी धर्मबुद्धीने होत होत्या त्या लोकशाही राज्यात हक्क म्हणून व्हावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात धर्मबुद्धी गेली आणि हक्क आला नाही.

टायर का फुटतो?

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षात त्यावर शंभरहून अधिक माणसे दगावली. टायर फुटून गाडी उलटली, अशा बातम्या नित्य येऊ लागल्या. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०२३ मध्ये आणखी एका कारणाकडे लक्ष वेधले. सरळ, एकसुरी, वळणे नसलेल्या रस्त्यावर चालकाचे डोळे उघडे राहतात पण मन गुंगते. यालाच मार्ग-संमोहन म्हणतात. परिवहन खात्याने प्रवेशद्वारांवर टायरांची तपासणी सुरू केली व झिजलेल्या टायरांची वाहने परत पाठवली. ही तपासणी योग्यच होती. पण तिच्यामागचे शास्त्र लोकांपर्यंत पोहोचले नाही. त्याऐवजी 'सिमेंटच्या रस्त्याने टायर फुटतात' आणि 'नायट्रोजन भरला की फुटत नाहीत' या दोन अर्धवट समजुती पसरल्या.

टायर मुख्यतः आतल्या उष्णतेने फुटतो. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात दबतात व पुन्हा सुटतात. या सततच्या वाकण्याने रबर आतून तापते आणि त्यातील तंतूंचे थर सुटू लागतात. त्यावर जादा भार, वेग, टायरचे वय आणि भर म्हणून तापलेला रस्ता अशी कारणे एकमेकांवर चढतात. म्हणून उन्हाळ्यात हवा कमी भरावी, ही अनेक चालकांची समजूत घातक आहे. टायरचे तापमान दहा अंशांनी वाढले तर मोटारीच्या टायरमधील दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो हे खरे. पण ही वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी आणि उत्पादकाने सांगितली तितकीच भरावी. तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये, कारण तो थंड झाल्यावर दाब प्रमाणापेक्षा खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर अधिक तापतो. नायट्रोजनने थोडा लाभ होतो. मात्र साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब बरोबर ठेवला नाही तर कोणताही वायू टायर वाचवू शकत नाही. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. त्यावरून टायरचे वय कळते. नक्षीची खोली मोटारी व मालमोटारींसाठी किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे.

ही माहिती प्रत्येक चालकाला हवी. पण माहिती झाली म्हणजे टायर बदलता येतो असे नाही. ज्या मालकाकडे एकच मालमोटार आहे आणि तिचा हप्ता थकलेला आहे तो नवा टायर घेत नाही, जुन्याला रिमोल्ड करून घेतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींच्या प्रत्येक आसावरील भाराची मर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. उद्योगाला तो दिलासा होता. त्यानंतरही वर आणखी भार घातला जातो तो वेगळाच. तापलेल्या रस्त्यावर फुटणाऱ्या टायरमध्ये हवेइतकेच भाड्याचे दर आणि कर्जाचे हप्तेही भरलेले असतात.

वेगाचा हिशेब तर शाळकरी मुलालाही कळेल असा आहे. जालना जिल्ह्यातील ४२ किलोमीटर १२० च्या वेगाने २१ मिनिटांत संपतात, ८० च्या वेगाने साडेएकतीस मिनिटांत. वाचली ती साडेदहा मिनिटे. परंतु वाहनातील गतिजन्य ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दीडपट वेगाला सव्वादोन पट ऊर्जा लागते, आणि टायर फुटला तर तीच ऊर्जा माणसांच्या हाडामांसावर खर्च होते. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली आहे.

झोपेचे कर्ज

आता मूळ मुद्द्याकडे वळू. उन्हाळ्यातले अनेक भीषण अपघात मध्यरात्रीनंतर आणि पहाटे होतात. मग उन्हाचा त्यांच्याशी संबंध काय, असे वाटणे साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो चालकाच्या झोपेतून जातो.

उन्हापासून टायर वाचावा, इंजिन तापू नये, म्हणून मालमोटारी व लांब पल्ल्याच्या खाजगी बसगाड्या रात्री धावतात. हा शहाणपणाच दिसतो. पण रात्री जो जागतो त्याने दिवसा झोपले पाहिजे. कोठे झोपावयाचे? केबिन पत्र्याची, तिच्याखाली इंजिन. उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनातील तापमान अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी चढते. म्हणूनच अशा गाडीत लहान मुलाला दोन मिनिटेही ठेवू नये. मग चालक मालमोटारीच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये चटई टाकून पडतो. कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत नंबर लागावयाचा असेल तर तेही नाही, कारण दर तासाला गाडी चार हात पुढे सरकवावी लागते. हवेचे तापमान कातडीच्या तापमानापेक्षा वर गेले की पंखा गार करीत नाही, गरम वाराच अंगावर आणतो. शरीराजवळ घाम हाच एक उपाय उरतो. घामाबरोबर पाणी आणि मीठ जाते, डोके जड होते, झोप लागत नाही आणि लागली तरी ती विश्रांती देत नाही.

अशी एक दुपार गेली तर माणूस भागवून नेतो. ओळीने चार-पाच दुपारी गेल्या की झोपेचे कर्ज साचते, आणि ते रात्री दोन-तीनच्या सुमारास वसूल होते. १२० च्या वेगाने वाहन एका सेकंदात ३३ मीटर जाते. डोळा तीन सेकंद मिटला तर शंभर मीटर रस्ता चालकाविना संपतो. दिवसाचे ऊन रात्री बळी घेते ते असे. पंचनाम्यात मात्र उन्हाचा उल्लेख येत नाही. तेथे 'चालकाचा निष्काळजीपणा' एवढेच लिहिलेले असते.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी जळून मेले. जालन्याच्या सीमेला लागूनच असलेला हा टापू. त्या अपघाताच्या कारणांविषयी त्या वेळी अनेक मते मांडली गेली. तो पावसाळ्यातला होता आणि त्याचा दोष उन्हावर घालण्याचे कारण नाही. पण त्यानंतर सार्वजनिक चर्चा ज्या रीतीने झाली ती उद्बोधक होती. टायर, डिझेलची टाकी, दुभाजक, बसचे दार, या सर्वांची चर्चा झाली. रात्रीच्या गाड्या चालवणारी माणसे दिवसा किती तास आणि कोठे झोपतात, या प्रश्नाला तीत नगण्य जागा मिळाली.

कायद्याचे छप्पर कोणावर?

कायदा मुळीच नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्यासाठी ती दिवसाला दहा व आठवड्याला ५४ तासांपर्यंत वाढवता येई. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती आणि मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतिगृह यांचीही त्यात तरतूद होती. मात्र हा कायदा पाच अथवा अधिक कामगार असलेल्या संस्थांनाच लागू होता, आणि आपल्या देशातील मालवाहतुकीचा फार मोठा भाग एक-दोन गाड्यांच्या मालकांकडे आहे. म्हणजे छप्पर होते, पण पावसात उभी असलेली बहुसंख्य माणसे त्याच्या बाहेर होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आणि पाचाची ती मर्यादा दहावर गेली. छप्पर मोठे करावयाचे सोडून ते आणखी आखूड केले गेले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७९ सालीच रस्ते वाहतुकीतील कामाच्या तासांविषयी १५३ क्रमांकाचा करार केला. सलग चार तासांहून अधिक वाहन चालवू नये, दिवसाला नऊ तासांची मर्यादा असावी, असे त्यात म्हटले आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. युरोपात साडेचार तासांच्या चालनानंतर पाऊण तास थांबणे सक्तीचे आहे, आणि ते यंत्राने नोंदले जाते. संयुक्त अरब अमिराती हे खरोखरीचे वाळवंट, आणि कामगारहितासाठी प्रसिद्ध असलेले राज्यही ते नव्हे. तरीही तेथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे. खऱ्या वाळवंटाला जे कळते ते बांधलेल्या वाळवंटाला का कळू नये?

सरकारने काहीच केले नाही असेही म्हणता येणार नाही. २०२५ सालातील ठरलेल्या तारखेपासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करणारी अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु जुन्या लाखो मालमोटारींना ती लागू नाही, आणि केबिन थंड ठेवण्यास लागणारे डिझेल ज्याच्या खिशातून जाते तो यंत्र बंदच ठेवील. दुसरीकडे, अपघात करून पळ काढणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर चालकांनी चक्का जाम केला आणि ते कलम स्थगित ठेवावे लागले. पळून जाणाऱ्याचे समर्थन कोणीच करणार नाही. पण शिक्षा वाढवण्यास जी तत्परता दाखवली गेली ती कामाचे तास मोजण्याच्या बाबतीत कधी दिसली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. जालन्याचा पोलाद उद्योग बाहेरून येणाऱ्या भंगारावर आणि बाहेर जाणाऱ्या सळयांवर जगतो. वाहतूक मंदावली, दुपारी थांबली, तर भाडे वाढेल, स्पर्धेत येथील कारखाने मागे पडतील आणि त्याचा फटका येथील कामगारालाच बसेल. आक्षेपात तथ्य आहे. पण अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, खर्च नाहीसा होत नाही, तो कोणावर तरी पडतो. आज स्वस्त भाड्याचा उरलेला खर्च चालकाची विधवा, त्याची शाळा सुटलेली मुले, सरकारी रुग्णालय आणि समोरून येणाऱ्या गाडीतील निरपराध कुटुंब भरते आहे. तो बिलात दिसत नाही म्हणून वाहतूक स्वस्त वाटते. सर्वच कारखान्यांना व सर्वच वाहतूकदारांना एकच नियम लागू झाला, तर त्यात कोणाचीही स्पर्धा बुडत नाही. नियम सर्वांना सारखा नसतो तेव्हाच माणुसकीने वागणारा मालक तोट्यात जातो.

रस्त्याच्या पलीकडचे लोक

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. जालना जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे त्या मार्गावर नसतात. ती अंबड, घनसावंगी, भोकरदन, मंठा, परतूर, जाफराबादच्या रस्त्यांवर दुचाकीने, काळी-पिवळीने, एस.टी.ने आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातात. त्यांच्यासाठी काही गोष्टी साध्या पण प्राण वाचवणाऱ्या आहेत. लांबचा दुचाकी प्रवास सकाळी नऊच्या आत उरकावा. हेल्मेटच्या आत ओला सुती रुमाल घ्यावा. पाण्याबरोबर मीठही हवे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातले की जीवनरक्षक पेय तयार होते. डोके दुखणे, मळमळ, हातापायांत गोळे येणे ही पहिली सूचना समजावी आणि लगेच सावली गाठावी. बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात होय. अशा माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकास कळवावे. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये. आधी अंग गार करावे आणि मग दवाखान्यात न्यावे, कारण वाटेत गेलेला प्रत्येक क्षण मेंदूला भोवतो.

काय करता येईल?

मागण्या मोठ्या नाहीत. समृद्धी महामार्गावर मोटारींचा टोल सुरुवातीस किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता. १ एप्रिल २०२५ पासून तो २ रुपये ६ पैसे झाला. म्हणजे किलोमीटरमागे ३३ पैशांची वाढ. एकट्या जालना जिल्ह्यातून जाणारी प्रत्येक मोटार सुमारे १४ रुपये अधिक देते आणि मालमोटार त्याहून पुष्कळ अधिक. या वाढीतला लहानसा हिस्सा राखून ठेवला तरी दर २५ किलोमीटरवर मालमोटारींसाठी छपराची जागा, गार पाणी, अंघोळीची सोय आणि झोपण्यासाठी हवेशीर खोली, हे सर्व विनामूल्य देता येईल. ज्या पैशातून रस्ता उभा राहतो त्यातूनच त्याची सावलीही उभी राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट कारखान्यांच्या व बाजार समित्यांच्या फाटकाची. चढउताराच्या प्रत्येक ठिकाणी थांबलेल्या चालकांसाठी सावली व पाणी असणे ही परवान्याची अट करावी. टोकन देऊन रांगेची वेळ आधी ठरवून दिली तर चालकाला सलग सहा तास झोपता येईल. यास खर्च जवळजवळ नाही, केवळ चालकाच्या वेळेलाही किंमत आहे हे मान्य करावे लागेल.

तिसरी गोष्ट मजुरीची. खेपेवर पैसे मिळतात तोवर प्रत्येक चालक स्वतःच्याच जिवावर शर्यत लावणार. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणाऱ्या चालकाला संरक्षण कसे द्यावे, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच शोधले आहे. माथाडी व हमाल कामगारांचा मालक दर दिवशी बदलत असे, म्हणून कोणताच कायदा त्यांना लागू होत नव्हता. माथाडी कायद्याने मंडळे स्थापन केली. ज्याचा माल उचलला जातो त्याच्याकडून मजुरीबरोबर अधिभार घेतला आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचाराची सोय केली. मालाची गोणी मालमोटारीत चढवणाऱ्याला जे मिळू शकते ते ती गोणी सहाशे किलोमीटर नेणाऱ्याला का मिळू नये? भाड्याच्या पावतीवर अल्पसा अधिभार आणि चालकांची नोंदणी करणारे मंडळ, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. त्या मंडळाने तासांची नोंद ठेवावी आणि उष्णतेच्या लाटेच्या दिवशी दुपारी चार तास थांबलेल्या चालकाला त्या वेळेचा भत्ता द्यावा.

जालना आणि नांदेड यांना जोडणारा सुमारे १८० किलोमीटरचा नवा द्रुतगती मार्ग नियोजनात आहे. त्याच्या आराखड्यात लोखंड, सिमेंट व भूसंपादन यांचे आकडे असतील. झाडे, पाणी आणि चालकाची झोप यांनाही त्यात स्वतंत्र रकाना असावा, आणि तो रकाना टोलवसुली सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावा, अशी मागणी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी, चालक संघटनांनी व नागरिकांनी आत्ताच केली पाहिजे. एकदा कुंपण पडले की त्याच्या आतल्या माणसाचा आवाज बाहेर येत नाही.

तापलेल्या रस्त्यावर दूर पाणी चमकते, ते मृगजळ असते हे प्रत्येक चालक जाणतो आणि त्यामागे धावत नाही. विकासाच्या नावाने दिसणाऱ्या चमकीबाबत समाजानेही तितकेच सावध असावे. रस्ता किती मिनिटे वाचवतो हे जरूर मोजावे. त्याच वहीत तो किती माणसे वाचवतो हेही लिहिले गेले, तरच हिशेब पुरा होईल.